टेपराव

परदेशात घर घेऊ पाहणाऱ्यांच्या प्रत्येक घोळक्यात एक टेपराव असतोच. आमच्या वाट्याला आलेला टोकियोतल्या निशी-कसाईचा. रविवारी इथली भारतीय मंडळी मुलांना बागेत नेतात, टेपराव प्लॉट बघायला जातात. म्हणजे प्लॉट नंतर; आधी समोरचा रस्ता. खिशातून स्टीलचा टेप निघतो, टोक वहिनींच्या हातात जातं आणि स्वारी उलट पावली गटारापर्यंत. "तीन साठ. पुढचा दाखवा!"

जपानी कायद्याला घरापुढे 4 मीटरचा रस्ता लागतो. कमी भरला तर रस्त्याच्या मध्यापासून 2 मीटर सोडून बांधायचं. जमीन आपली, पैसे आपले, वरून गाड्या शेजाऱ्यांच्या! शिवाय प्लॉटची निदान 2 मीटर बाजू रस्त्याला भिडायला हवी. एका मागच्या प्लॉटची बोळकांडी 1 मीटर 97 भरली. काय चाललंय ते बघायला शेजारच्या आजी बाहेर आल्या. टेपराव कमरेत वाकून नमस्काराला गेले आणि टेपची डबी सुटली ती सर्रकन वहिनींच्या बोटांवर. "तीन सेंटिमीटरनं हुकलं हो," टेपराव हळहळले. बोटांबद्दल नव्हे.

गणपतीत त्यांनी हॉलचा दरवाजा मोजला. एका बारशाला पाळणा भिंतीपासून मोजला; घर आणि शेजाऱ्याची हद्द यांत 50 सेंटिमीटर अंतर लागतं, म्हणून. बाळ रडलं, पण मापात होतं.

त्यांचा खरा जीव अटीच्या प्लॉटवर. जमीन घ्यायची, पण घर विक्रेता सांगेल त्याच बिल्डरकडून बांधायचं. नकाशा ठरवून बांधकामाचा करार करायला साधारण तीन महिने. नाही जमलं तर जमिनीचा व्यवहार रद्द आणि बयाणा पुरता परत. हे कलम टेपराव आरतीसारखं म्हणतात. ऐकून ऐकून आमचेही कान किटलेत.

पण नव्यानं आलेल्या एका जोडप्याला विक्रेत्यानं दोन्ही करारांवर एकाच दिवशी सह्या करायला बोलावलं, तेव्हा रजा टाकून शेजारी जाऊन बसले ते टेपरावच. "आज फक्त जमीन. नकाशा पटल्याशिवाय घरावर सही नाही." बांधकामावर सही झाली की अट पुरी होते, मग माघार घेतली तर बयाण्यावर पाणी. त्या दोघांच्या भूमिपूजनाला शिंतो पुजारी आला, तेव्हा टेपराव सगळ्यांच्या मागे उभे होते. टेप खिशातच होता. माणूस वाईट नाही, एवढं म्हणायलाच हवं.

स्वतःचं मात्र जमत नाही. निशी-कसाईत नको, कारण एदोगावा वॉर्डाचा सुमारे 70 टक्के भाग भरतीच्या पातळीखाली. वॉर्डानंच 2019 च्या पूरनकाशावर 'इथं थांबू नका' असं छापलंय. टेकडीवर नको, गुडघे दुखतात. यंदा एक प्लॉट सापडला. रस्ता 6 मीटर, जमीन पक्की, चढ नाही, पाणी नाही. टेपरावांनी दोनदा मोजलं. मग म्हणाले, "तीन महिने कमी पडतील."

वहिनींनी टेप काढून घेतला. "नकाशाला पुरतील. पुण्याला परत जायचं की नाही, हे तुम्ही पोरगी पहिलीत होती तेव्हापासून ठरवताय. ती नोकरीला लागली. आता कोणाकडे मुदत मागायची?"

टेपराव म्हणाले, "एवढी दिवाळी जाऊ दे."