बत्तीस चौरस फुटांचा विश्वास

परवान्याशिवाय गाडी चालवली म्हणून रुमानियात एकाला कैद झाली. तो जर्मनीत सापडला. माणूस परत द्या, असं वॉरंट आलं. यात न्यायालयाने विचार करण्यासारखं काय आहे?

होतं. ब्रेमेनच्या न्यायाधीशांनी विचारलं, देतो. पण ठेवणार कुठे?

प्रश्न लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला. जोडीला हंगेरीतल्या चोरीच्या प्रकरणातला एक संशयित. ५ एप्रिल २०१६ रोजी निकाल आला. त्या तुरुंगात या माणसाला अमानुष वागणूक मिळण्याचा खरा धोका दिसत असेल, तर आधी खुलासा मागवा. खुलासा येईपर्यंत माणूस हवाली करू नका.

भाड्याची खोली घेताना आपण नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारतो. माणूस तुरुंगात धाडताना एवढं विचारायची मुभा मिळायला २०१६ उजाडावं लागलं.

का? युरोपने आधी बेड्या घडवल्या आणि वकील नंतर शोधला, म्हणून.

११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि नऊ महिन्यांत, १३ जून २००२ रोजी, युरोपीय अटक वॉरंट मंजूर झालं. प्रत्यार्पणातून मंत्री बाजूला झाले. एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्याला कळवायचं. आरोपी राजी नसला तरी निर्णय साधारण ६० दिवसांत. ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत ‘आमच्या कायद्यात हा गुन्हा आहे का’ हेसुद्धा तपासायचं नाही. घाई दहशतवाद्यांसाठी केली होती. सापडला विनापरवाना चालक.

आणि आरोपीचे हक्क? त्यांचा मसुदा २००४ मध्ये आला. एकमत हवं होतं. २००७ मध्ये मसुदा बारगळला. पकडण्यावर एकमत नऊ महिन्यांत झालं. आरोपीला कळेल अशा भाषेसाठी दुभाषा देण्याचा कायदा व्हायला २०१० साल लागलं. वकिलाच्या हक्काचा कायदा २०१३ चा. सरकारी खर्चाने वकील २०१६ मध्ये.

या सगळ्या डोलाऱ्याचा खांब एकच : परस्पर विश्वास. शेजारी देश मूलभूत हक्क पाळतो, असं प्रत्येकाने धरून चालायचं. ज्या हंगेरीवर हा विश्वास टाकायचा, तिच्या खचाखच भरलेल्या तुरुंगांवर स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच ठपका ठेवला होता.

मग विश्वास कोणाचा कोणावर? सरकारांचा सरकारांवर. कोठडीत जाणाऱ्याला कुणी विचारलं?

ब्रेमेनकरांनी विचारलं. हंगेरीच्या आणखी एका प्रकरणात त्यांनी थेट ७८ प्रश्न काढले. कपडे कसे धुतात? प्रार्थना करता येते का? सिगारेट ओढता येते का? खिडकीला गज आहेत की झडपा? लक्झेंबर्गने २५ जुलै २०१८ रोजी हात वर केले : इतके प्रश्न नकोत; माणूस ज्या तुरुंगात जाण्याची शक्यता आहे, तेवढ्याचंच बघा.

मला ते ७८ प्रश्न मनापासून आवडतात. तुरुंग म्हणजे काय, हे ज्याला कपडे कुठे वाळत घालणार असा प्रश्न पडतो त्यालाच कळलेलं असतं.

आता मोजमाप. सामायिक कोठडीत माणशी ३ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३२ चौरस फूट. त्याहून कमी जागा असेल तर हक्कभंग झाला, असं सकृद्दर्शनी धरायचं. क्रोएशियाच्या एका कैद्याने सलग २७ दिवस त्याहून कमी जागेत काढले. स्ट्रासबर्गने २०१६ मध्ये त्या २७ दिवसांचा हक्कभंग मान्य केला. अधल्यामधल्या तुटक दिवसांचा नाही.

त्या दिवसांत तो कमी जागेत नव्हता का?

२०१९ मध्ये लक्झेंबर्गने कार्पेट एरियाही ठरवला. शौचालय धरायचं नाही, फर्निचर धरायचं. म्हणजे खाट, टेबल जे काही असेल ते त्याच ३२ फुटांत. मात्र माणसाला नीट हलता-फिरता आलं पाहिजे. पण याच निकालात एका वाक्याचा ऐवज आहे आणि तो सोन्याचा आहे. अमानुष वागणुकीचा धोका खरा असेल, तर सहकार्याची गरज दुसऱ्या पारड्यात टाकून तो तोलायचा नाही. आरोपी मोकाट सुटेल ही भीतीसुद्धा तिथे चालत नाही.

मग जागेचा हा नियम कायद्यात का नाही? डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने सामायिक कोठडीत माणशी ४ चौरस मीटर सुचवले. सुचवले. अटकेचं वॉरंट बंधनकारक आणि झोपायची जागा ऐच्छिक!

हे सगळं तिकडचं, आपल्याला काय, असं म्हणाल. तर मुंबईला या. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, ही हमी घेऊन. विशेष न्यायालयाने जन्मठेप सुनावली. तरी २५ वर्षं भरल्यावर केंद्राने शब्द पाळायचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. अनेकांना राग आला. मला आला नाही. दिलेला शब्द गुन्हेगाराचं तोंड बघून बदलायचा असेल, तर पुढच्या वेळी आपल्याला माणूस कोण देईल?

आणि मेहुल चोक्सी. पंजाब नॅशनल बँक प्रकरणातला हा आरोपी बेल्जियममध्ये सापडल्यावर २०२५ मध्ये आपल्या सरकारने लिहून दिलं : आर्थर रोड तुरुंग, बराक क्रमांक १२, माणशी किमान ३ चौरस मीटर, फर्निचर वगळून.

वगळून. लक्झेंबर्गपेक्षाही जास्त. म्हणजे आपल्याला हे जमतं.

त्याच आवारात, बाकीच्या बराकींत, क्षमतेच्या कितीतरी पट कैदी आहेत. बहुतेक कच्चे कैदी. गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. रात्री एकाने कूस बदलली की शेजाऱ्याला बदलावी लागते. त्यांच्यासाठी कोणत्याही देशाने हमीपत्र मागितलेलं नाही.