पाऊचवाल्या काकू

पाऊचवाल्या काकू महाराष्ट्राच्या शहरी आणि निमशहरी भागात बारा महिने आढळतात. डोंबिवली, ठाणे, चिंचवड, कोथरूड या पट्ट्यांत त्यांची वस्ती दाट आहे. पावसाळ्यात लोकलच्या लेडीज डब्यात आणि लग्नसराईत कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत त्या हमखास भेटतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी बँकेत, शाळेत किंवा विमा कचेरीत, नाहीतर कारभार घरचाच. खांद्याला मोठी पर्स, पर्समध्ये स्वतः शिवलेला पाऊच, पाऊचमध्ये छोटा पाऊच आणि त्यात एक पुडी, अशी त्यांची ठेवण असते. पुडीत काय आहे हे उघडल्याशिवाय काकूंनाही सांगता येत नाही. मात्र ते कधीतरी लागते, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते.

या पाऊचचे पूर्वज दोन. पहिली चंची: अनेक कप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची कापडी पिशवी. तिच्यात पान, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी आपापल्या कप्प्यात असत. दुसरा बटवा, म्हणजे नाडी ओढली की तोंड मिटणारी थैली. आजीबाईच्या बटव्यात सुंठ, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, ज्येष्ठमध अशी औषधे असत आणि घरातले कुठलेही पोट त्याच्या अधिकाराबाहेर नसे. काकूंनी चंचीचे कप्पे घेतले, बटव्यातली औषधे घेतली आणि नाडीच्या जागी चेन बसवली. चंचीतली तंबाखू त्यांनी नाकारली. तिच्या कप्प्यात हल्ली आवळा सुपारी असते.

मुंबई परिसरातील काकूंच्या इतिहासाचे 26 जुलै 2005 पूर्वी आणि नंतर असे दोन कालखंड पडतात. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या आणि लोकांनी कचेऱ्यांत, बसमध्ये, अनोळखी घरांत रात्र काढली. त्याआधी पर्समध्ये डबा, छत्री आणि रुमाल एवढे भागत असे. त्यानंतर टॉर्च, बिस्किटाचा पुडा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे आणि जादा मोज्यांची जोडी यांचा प्रवेश झाला. पुढे 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि घरोघरी कापडी पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. पिशव्या शिवून उरलेल्या तुकड्यांचे काय करायचे हा प्रश्न इतरांना पडला. काकूंना तो पडला नाही.

पाऊचच्या कापडाचा मुख्य स्रोत म्हणजे ओटीत आलेला ब्लाउजपीस. हा ब्लाउजपीस कोणत्याही साडीवर जात नाही, म्हणून एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतो आणि काही वर्षांनी मूळ मालकिणीकडे सुखरूप परत येतो. काकू त्याला कात्री लावून चलनातून बाद करतात. ही त्यांची समाजसेवा फारशी नोंदली गेलेली नाही. बाहेरच्या बाजूला मुलाच्या जुन्या जीन्सचा पाय, अस्तराला मोडक्या छत्रीचे कापड, कारण त्यातून पाणी झिरपत नाही. काकांच्या पँटचा खिसा आयता कप्पा म्हणून उपयोगी पडतो. त्यामुळे या घरांतले काका आपल्या जुन्या पँट्स वापरात आहेत असे दाखवण्यासाठी अधूनमधून त्या घालतात. गुळेदगुड्डचा खण मात्र स्वतःसाठी वापरला जात नाही. तो भेट द्यायच्या पाऊचसाठी राखलेला असतो.

बाकीचे साहित्य पुण्यात रविवार पेठेतून किंवा मुंबईत दादरहून येते. चेन मीटरवर घेतात आणि रनर डझनावर; तयार चेन घेणे काकूंना उधळपट्टी वाटते. मीटरच्या चेनमध्ये रनर ओवणे हे वेगळेच कसब आहे. काटाचमचा उभा धरून त्याच्या दात्यांवर रनर अडकवायचा आणि चेनची दोन टोके दोन्ही बाजूंनी एकदम आत सरकवायची. या युक्तीमुळे अशा घरांत काटेचमचे शिवणाच्या डब्यात सापडतात आणि पाहुण्यांना नूडल्स चमच्याने खावे लागतात. याशिवाय फोम किंवा बुकरम, टिचबटणे, वेल्क्रो आणि इलॅस्टिक लागते. दुकानदाराला रंग दाखवायला काकू कापडाचा तुकडा नेतात. दुकानदार जो रंग 'अगदी तोच' म्हणून देतो, तो घरी आल्यावर तोच नसतो.

शिवणाला सुरुवात होते ती मशीन मोकळे करण्यापासून. पायाचे मशीन एरवी क्रोशाचे कव्हर घालून त्यावर फुलदाणी, फोनचा चार्जर आणि विजेची बिले ठेवण्याच्या कामी असते. मधल्या आकाराच्या पाऊचला नऊ इंच रुंद आणि सात इंच उंच असे बाहेरच्या कापडाचे दोन आणि अस्तराचे दोन तुकडे कापतात. बाहेरच्या तुकड्याच्या सुलट बाजूवर चेन पालथी ठेवतात, तिच्यावर अस्तर सुलट बाजू खाली करून ठेवतात आणि तिन्हींवरून एक टीप मारतात. कापड उलटवून इस्त्री फिरवली, वरून दुसरी टीप घातली की एक बाजू झाली. दुसरी बाजू तशीच. मग बाहेरचे तुकडे समोरासमोर, अस्तराचे तुकडे समोरासमोर अशी जोडी लावून चारही बाजूंनी शिवतात आणि अस्तराच्या तळाशी तीन इंच जागा सोडतात. त्या जागेतून सगळा पाऊच बाहेर ओढून सुलटा करायचा आणि ती फट हातशिलाईने बंद करायची. फोम जाड असेल तर 16 नंबरची सुई लावावी, नाहीतर ती मोडते. काकू आधी मोडतात आणि मग लावतात.

या कृतीत एक अट आहे: चारही बाजू शिवण्याआधी चेन निम्मी उघडी ठेवली पाहिजे. ती बंद राहिली तर पाऊच सुलटा व्हायला वाट उरत नाही. भूकंपापासून चप्पल तुटण्यापर्यंत सर्व संकटांचा आगाऊ विचार करणाऱ्या काकू नेमक्या या ठिकाणी विसरतात. मग जुन्या ब्लेडने टीप उसवली जाते, काकांना चहा स्वतः करून घ्यावा लागतो आणि शेजारच्या वहिनींना फोनवर सांगितले जाते की हल्लीच्या चेनच बरोबर येत नाहीत.

आतली मांडणी खात्यांनुसार असते. वस्त्र खात्यात दोन मापांच्या सेफ्टी पिना, हूक, सुटी बटणे, टिकल्यांचे पाकीट आणि आधीच ओवून ठेवलेल्या दोन सुया: एकीत काळा दोरा, एकीत पांढरा. दोरे लग्नपत्रिकेच्या कापलेल्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेले असतात. आरोग्य खात्यात तापाची गोळी, पित्ताची गोळी, चिकटपट्टी, ओवा, लवंग आणि 1893 मध्ये मुंबईत जन्मलेल्या अमृतांजनची सर्वांत छोटी डबी. ओआरएसचे एक लिटरचे पाकीटही असते. ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते आणि काकूंची बाटली अर्ध्या लिटरची असते. म्हणून पाकीट न फोडता त्या घरगुती कृती सांगतात: एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रुग्णाला तोपर्यंत ऐकूनच तरतरी आलेली असते. दस्तऐवज खात्यात आधारची झेरॉक्स, रक्तगटाची चिठ्ठी, पासपोर्ट फोटो, डिंकाची ट्यूब आणि घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद, कारण 'मोबाइलच बंद पडला तर?' शेवटचा कप्पा टिचबटणाचा आणि अंगच्याच रंगाचा. त्यात सॅनिटरी पॅड असते. लेडीज डब्यातली एखादी अनोळखी मुलगी कावरीबावरी दिसली की हा कप्पा न विचारता आणि न बोलता उघडला जातो. काकू काही न बोलता काही देतात असा हा एकमेव प्रसंग.

अर्थ खाते अस्तराच्या मागे असते आणि त्याचा पत्ता काकांना नसतो. 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा अनेक घरांत ही खाती अस्तर उसवून जाहीर करावी लागली आणि अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसेच अडचण होऊन बसले. त्यानंतर काकूंनी तिथे दोन हजारांची नोट ठेवली. ती 2023 मध्ये मागे घेतली गेली. सध्या तिथे दहाच्या नोटा असतात.

प्रत्यक्ष वापराचे टप्पे ठरलेले आहेत. कोणाचे तरी काहीतरी तुटते, फाटते किंवा मळमळते. भोवतालचे लोक गडबडतात. काकू 'थांबा' म्हणतात. चेन उघडल्याचा आवाज येतो. यानंतर शोध सुरू होतो आणि पाऊचमधील सर्व वस्तू एकेक करून मांडीवर, बाकावर, शेजारणीच्या हातात येतात. हवी असलेली वस्तू शेवटी निघते. तोवर बोरघाट उतरून झालेला असतो, किंवा नवरीच्या शेल्याला कोणीतरी दुसऱ्याच पिनेने आवरलेले असते. वस्तू तरीही घ्यावी लागते. बँकेत पेन मागणाऱ्याला पेन मिळते, पण टोपण काकूंच्या मुठीत राहते. त्यामुळे काकूंची पेने परत येण्याचे प्रमाण बँकेच्या दोरी बांधलेल्या पेनांपेक्षा चांगले आहे.

वरवर पाहता काकू संकटाला भितात असे वाटते. निरीक्षणाअंती उलट दिसते: संकट येत नाही याची त्यांना काळजी असते. दिवसभरात कोणाची चप्पल तुटली नाही, कोणाचे बटण गेले नाही, कोणाचे डोके दुखले नाही, तर त्या संध्याकाळी अस्वस्थ असतात आणि घरातल्या सर्वांना 'चेहरा का असा दिसतोय?' म्हणून विचारतात. पाऊचची वार्षिक तपासणी दसऱ्याच्या आधी होते. मुदत संपत आलेल्या गोळ्या बाजूला काढून त्या काकांच्या पहिल्या शिंकेची वाट पाहतात. 'अगदी वेळेवर मिळालं हो, काकू' हे वाक्य त्यांना पुरणपोळीपेक्षा गोड लागते. घरची मुले मोठी होऊन गुडघे फुटणे बंद झाले की हे वाक्य बाहेरूनच मिळवावे लागते. पाऊचचा आकार याच सुमारास वाढू लागतो.

काकूंचा एक दुबळेपणा सर्वत्र सारखा आहे: स्वतःला गरज पडते तेव्हा पाऊच दुसऱ्या पर्समध्ये असतो. एका पर्समधून दुसरीत सहज हलवता यावे म्हणूनच तो शिवलेला असतो. प्रत्यक्षात या बदलीच्या वेळी तो जेवणाच्या टेबलावर राहतो. उपाय म्हणून प्रत्येक पर्ससाठी वेगळा पाऊच शिवला जातो, आणि त्यातल्या कोणत्या पाऊचमध्ये काय आहे हे कळावे म्हणून एक यादी. यादी पहिल्या पाऊचमध्ये असते.

पोटप्रकार मुख्यतः तीन. कार्यालयीन काकूंच्या पाऊचमध्ये स्टेपलरच्या पिना आणि रबरबँड जास्त. प्रवासी काकूंच्या पाऊचमध्ये घाटासाठी पिशव्या आणि लिंबू जास्त. विमानतळाच्या तपासणीत त्यांची कात्री काढून घेतली जाते आणि परतीच्या प्रवासात नवी कात्री. तिसरा प्रकार काकांचा. त्यांचा रेक्झिनचा पाऊच स्कूटरच्या डिकीत राहतो आणि त्यात पाना, क्लचची केबल आणि जादा स्पार्क प्लग असतो. स्कूटर विकून बरीच वर्षे झाली तरी प्लग टिकून असतो. हा पाऊचही काकूंनीच शिवलेला असतो, आणि बरेचदा काकांच्याच पँटच्या बदल्यात.

अलीकडे या प्रजातीला दोन धोके निर्माण झाले आहेत. मोबाइलवरून पैसे देता येऊ लागल्याने सुट्या नाण्यांना कोणी विचारत नाही आणि दहा मिनिटांत घरपोच सामान येऊ लागल्याने डोकेदुखीची गोळीही परस्पर दारात येते. तरीही रिक्षाच्या मीटरपाशी 'सर्व्हर डाउन' दिसला, किंवा सिग्नल नसलेल्या ठिकाणी गाडी अडकली, की डब्यातले तरुण मोबाइल खिशात घालून काकूंकडे वळतात. अशा दिवशी काकूंची कांती वेगळी दिसते.

प्रसार हळदीकुंकवातून होतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाण म्हणून पाऊच लुटले जातात. रिकामा पाऊच देऊ नये म्हणून आत एक सेफ्टी पिन घातलेली असते. घेणाऱ्या बहुतेक जणी त्यात रिमोटचे जुने सेल, कुलुपाशिवायच्या किल्ल्या आणि लिपस्टिक ठेवतात. एखादीची मात्र रस्त्यात चप्पल तुटते, तिला ती पिन आठवते आणि ती घरापर्यंत पायात काही टोचू न देता पोहोचते. पुढच्या संक्रांतीला ही बाई वाण घेऊन झाल्यावर काकूंना बाजूला घेते आणि मीटरची चेन नेमकी कोणत्या दुकानात मिळते, ते विचारते.