पाण्याची कॉफी

येरमाळ्यात चहाला वेळकाळ नाही. धुळे-सोलापूर महामार्ग आणि बार्शीहून कळंबला जाणारा रस्ता इथं एकमेकांना कापतात, त्यामुळं रात्री दोन वाजता उतरलेल्या माणसालाही रस्त्याकडेला कुठंतरी गॅस पेटलेला दिसतोच. येडेश्वरीच्या दर्शनाला आलेले, ट्रकवाले, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, वाट चुकलेली वऱ्हाडं, सगळ्यांना एकच प्रश्न : साधा का पेशल? यात कॉफीचा विषयच निघत नाही. कॉफीला कारण लागतं. डोकं ठणकत असलं, पोराची दहावी असली, गोंधळाची रात्र जागायची असली किंवा पुण्याचा पाहुणा ‘मी चहा सोडलाय’ म्हणून अडून बसला, तरच मागच्या रांगेतल्या डब्यातून कॉफीची पुडी बाहेर येते. तोवर तिचा दगड झालेला असतो. चमच्याच्या दांड्यानं खरवडायचा.

करायची रीतही ठरलेली. म्हशीचं दूध, आधी साखर, उकळी फुटली की कॉफी आणि शेवटी किसणीवर जायफळ दोनदा घासायचं. दोनदाच. तिसऱ्यांदा घासलं तर पाहुणा जेवणाआधीच आडवा होतो, असं आई म्हणते. झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात घालणारी माणसं मराठी मुलखाबाहेर फारशी नसावीत. दोघं एकमेकांचा हिशेब चुकता करतात आणि आपल्या वाट्याला उरतं ते गोड दूध. ते आपल्याला आवडतं, आणि त्याला आपण कॉफी म्हणतो. जुन्या माणसांना कॉफीच्या वड्या आठवत असतील. तापल्या दुधात एक टाकली की झालं. पोल्सन म्हटलं की लोण्याची आठवण निघते, पण पेस्तनजी एडलजी दलाल या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी त्या नावाखाली लोण्याच्या आधी कॉफी विकली, तीही चिकोरी मिसळलेली. कॉफीवाला माणूस शेवटी दुधाकडंच वळला, यात आईला काहीच नवल वाटलं नाही.

अशा घरात कॉफी मेकर आला.

विकत कोण आणतंय. पुण्याहून गावाकडं येणाऱ्या वस्तूंची एक उतरंड असते. तिकडं नवा टीव्ही आला की जुना इकडं येतो. मग सोफा, मग मिक्सर, मग व्यायामाची सायकल, जिच्यावर आमच्याकडं टॉवेल वाळतात. पुतण्यानं हिंजवडीला नोकरी बदलली, पगाराबरोबर कॉफीचं यंत्रही बदललं, आणि जुनं यंत्र खोक्यासकट दिवाळीत येरमाळ्याला उतरलं. ‘काकू, आता तुम्हाला गॅसजवळ उभं राहायला नको,’ असं म्हणून त्यानं ते देवळीशेजारी मांडलं. आमच्या सौभाग्यवतींना गॅसजवळ उभं राहण्याचा त्रास कधी नव्हता. तिथं उभं राहिलं की दुसरं काम कुणी सांगत नाही. पण पोराचं मन कोण मोडणार.

यंत्र साधंच. मागं पाण्याची टाकी, पुढं काचेचं भांडं, वर चाळणीचं नरसाळं, खाली तवा. मला वाटलं होतं आत पंप असेल. पुतण्यानं उलटं करून दाखवलं तर पंपबिंप काही नाही. तव्याखाली नालेच्या आकाराची तापती नळी असते, तिला चिकटून पाण्याची नळी. टाकीतलं पाणी तिच्यात उतरतं, तापतं, त्याची वाफ होते आणि वाफेचे बुडबुडे पाण्याला धक्के देत वर नेतात. मागं पळता येऊ नये म्हणून वाटेत एकतर्फी झडप. त्या धक्क्यांचा आवाज म्हणजे ती प्रसिद्ध गुडगुड. जी नळी पाणी तापवते तीच तवाही गरम ठेवते. एका खर्चात दोन कामं म्हटल्यावर माझा त्या यंत्राविषयीचा आदर वाढला.

नरसाळ्यात कागदाची गाळणी बसवायची असते. ही कल्पना जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ नावाच्या गृहिणीची. कॉफीतला गाळ दाताखाली येतो म्हणून बाईंनी पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि वरून गरम पाणी ओतलं. १९०८ साली त्याची नोंदणी झाली, पुढं कंपनीही उभी राहिली. त्या मुलाचं काय झालं, वहीवरून मास्तरांनी मारलं का, यावर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी स्वतः शाळेत शिकवलेलं असल्यामुळं मला आधी तीच काळजी वाटली.

पहिली कॉफी उतरली. काळी, पारदर्शक, वासाला फार चांगली. पुतण्यानं मोठ्या अदबीनं कप आईच्या हातात दिला. आईनं कपात बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं.

‘दूध नासलं का रं?’

‘नाही आजी, ही अशीच पितात. पाण्याची.’

‘पाण्याची?’ आई म्हणाली. ‘आरं, दुष्काळात टँकरच्या रांगंत हुबी राहिले, पर पाव्हण्याला पाण्याची कॉपी दिली नाही कधी.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, कारण ते खरं होतं. आमच्या भागात पाणी नसलं तरी दूध असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आणि इकडं भूम-वाशीच्या बाजूला खव्याच्या भट्ट्या जळतात, तिथं मोठ्या कढईत दूध घालून माणसं उलथण्यानं ढवळत बसतात, ती फक्त एकाच कामासाठी : दुधातलं पाणी घालवायचं. कुंथलगिरीचा पेढा त्यातूनच होतो. जिथं दुधात मुळात असलेलंसुद्धा पाणी लोकांना खपत नाही, तिथं हे यंत्र पाणी घालायला आलं होतं.

दुसरी अडचण मापाची. भांड्याच्या काचेवर रेघा मारलेल्या असतात : दोन, चार, सहा. ज्यानं त्या मारल्या त्याला सकाळी उठल्यावर घरात किती माणसं आहेत हे माहीत असावं. आमच्याकडं हे नऊ वाजेपर्यंत कळत नाही. कॉफी चढवली की दूधवाला येतो, त्याच्यामागं भावकीतलं कुणी सातबाऱ्याचं काम घेऊन, तेवढ्यात रस्त्यानं जाणारा कुणी ‘गुरुजी हायेत का’ म्हणून हाक मारतो. चहाचं बरं असतं. दारात चप्पल वाजली की आतून नुसतं पेलाभर पाणी वाढतं, चिमूटभर पत्ती पडते, आणि आलेल्याला आपण आगंतुक आहोत हे कळतसुद्धा नाही. यंत्राला मधेच काही वाढवता येत नाही. चार म्हणजे चार. पाचव्याला सांगायचं काय, बसा, दुसरी खेप लावतो? तो बिचारा दहा मिनिटं त्या गुडगुडीकडं बघत बसतो आणि आपल्यामुळं एवढं मोठं यंत्र चालू करावं लागलं म्हणून अवघडतो. एक जण तर अर्ध्यावर उठूनच गेला. ‘लई त्रास घेताव गुरुजी,’ म्हणाला.

यंत्र माळ्यावर जाणार, अशी चिन्हं दिसू लागली होती. त्याला वाचवलं ते लाइटीनं.

कॉफी उतरायला सुरुवात झाली आणि लाइट गेली. भांड्यात जेमतेम तळ झाकला होता. लाइट कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून सौभाग्यवतींनी ते काळं पाणी टाकून न देता तापल्या दुधात ओतलं, साखर घातली आणि आईपुढं ठेवलं. आई प्यायली. मग म्हणाली, ‘आज जमली बग तुला.’

शास्त्र सरळ आहे. भुकटीतला बराचसा अर्क पहिल्या धारेत उतरतो, मागून येतं ते निव्वळ पातळ करायला. लाइट गेल्यामुळं आम्हाला पहिली धार तेवढी मिळाली. सोलापुरातल्या तेलुगू-कानडी घरांना हे सांगायची गरज नाही. त्यांच्याकडं दोन मजली फिल्टर असतो, वरच्या मजल्यात भुकटी, खालच्यात थेंब थेंब अर्क, आणि त्याला ना लाइट लागते ना पुतण्या. पण शेजाऱ्याचं शहाणपण शेजाऱ्याकडून थेट घेतलं असं होत नाही, ते परदेशी यंत्र आणि वीजमंडळ अशा वाटेनं फिरून यावं लागतं. आता आमच्याकडं रोज मुद्दाम लाइट घालवतात, म्हणजे अर्ध्यावर बटण बंद करतात. नरसाळ्यात भुकटीवरच जायफळ किसून टाकतात. अर्क थर्मासमध्ये भरून ठेवला की पाचवा येवो, सातवा येवो, दूध वाढवलं की झालं. पुतण्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

तव्याचाही उपयोग निघाला. त्यावर भांडं तसंच राहिलं तर कॉफी कडू होऊन जळका वास सुटतो, म्हणून भांडं लगेच उतरवतात. मग तवा उगाच तापलेला. थंडीच्या दिवसांत त्यावर आईची तिळतेलाची वाटी बसते. ओव्याचे चार दाणे टाकलेलं ते तेल गुडघ्याला सोसेल इतपत गरम होतं, ना कमी ना जास्त. कंपनीच्या माहितीपुस्तकात हा वापर दिलेला नाही.

कॉफी झाली आहे का नाही, हे कळण्याची मात्र आमच्याकडं जगात कुठंही नसेल अशी सोय आहे. इंग्लंडात केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर सगळ्यांचं मिळून एक कॉफीचं भांडं होतं. इतर मजल्यांवरच्या माणसानं जिने चालून यावं आणि भांडं रिकामं असावं, असं फार व्हायला लागलं. तेव्हा १९९१ मध्ये तिथल्या मंडळींनी त्याच्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर पाहू लागले. १९९३ पासून ते भांडं इंटरनेटवर दिसू लागलं, जगभरातून लाखो लोक ते रिकामं आहे का भरलेलं हे बघत राहिले, आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा त्याची बातमी झाली. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या मधली भिंत एका विटेची आहे. शेवटची गुडगुड थांबून यंत्र एक लांब सुस्कारा सोडतं, तो संपायच्या आत पलीकडून आवाज येतो :

‘काय ओ वैनी, झाली वाटतं कॉपी?’

केंब्रिजवाल्यांना चित्र दिसायचं, पण कपबशी घेऊन भिंतीपाशी उभं राहता येत नव्हतं.

हिवाळा संपता संपता गुडगुड मंदावली. कॉफी उतरायला दुप्पट वेळ, मधेच घशात अडकल्यासारखा आवाज. झाकण काढलं तर टाकीच्या तळाशी पांढरी खपली, नळीच्या तोंडाशी पांढरं कडं. बोअरचं पाणी. जमिनीतला चुना त्यात विरघळून येतो आणि पाणी तापलं की तो नळीला धरतो. घरातल्या हंड्याला, गिझरला, पाणी तापवायच्या कॉइलला हेच होतं, यंत्र काय वेगळं. इलाज लिंबूसत्वाचा. चमचाभर पाण्यात घालून टाकीत ओतलं, गुडगुड चालू केली, की आत बारीक फेस येतो. आम्ल चुन्याला भिडतं, त्यातून वायू सुटतो आणि चुना पाण्याबरोबर बाहेर. मग नुसत्या पाण्याच्या दोन खेपा काढायच्या, नाहीतर आंबट कॉफी प्यावी लागते आणि दूध खरंच नासतं.

मी ती खपली कागदावर काढून टाकून देणार होतो. आईनं हात धरला. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पालखी आमराईकडं निघते, तेव्हा वाटेवरच्या रानात हजारो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. आईनं आयुष्यभर ते वेचले. आता तिला वाकवत नाही. ‘ह्याच रानातली हाय की ती,’ ती म्हणाली, ‘हितं घरातच वेचली म्हणायची.’ मी काही बोललो नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं तिचं चुकत नव्हतं : ते खडे आणि ही खपली, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. खपली एका डबीत गेली, डबी देवळीत.

यात्रेला पुतण्या आला. घरात पाहुण्यांची दाटी, त्यामुळं यंत्र बाजूला सारून मोठं पातेलं चढलं होतं आणि कॉफीचं नाव नव्हतं. त्याला वाटलं यंत्र जुनं झालं म्हणून आम्ही वापरत नाही. ‘आजी, मी नवं घेतोय,’ तो म्हणाला. ‘माझं हे दुसरं, एस्प्रेसोचं, तुम्हाला आणून देतो. त्यात वाफेनं दूध पण फेसाळतं.’

दूध म्हटल्यावर आईनं मान वर केली. ‘आन् कॉपी कशी हुती त्यात?’

‘दाबानं. पाणी एकदम जोरात भुकटीतून ढकलतात. नऊ बार दाब असतो, आजी. आपल्या कुकरपेक्षा कितीतरी जास्त.’

आईनं थोडा विचार केला.

‘मग शिट्ट्या किती करायच्या?’