न्हाणीघराबाहेरची वयोश्री

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, वयाची 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 2 लाख रुपयांच्या आत असलेल्या नागरिकाच्या बँक खात्यात थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे मधले हात वगळून, एकदाच 3,000 रुपये जमा होतात. त्यांतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची असे काही घ्यावे आणि पावती मुदतीत सादर करावी, अशी अपेक्षा असते. ही यादी बारकाईने वाचल्यास, वृद्धत्व हा केवळ देहाचा दोष असून घर मात्र निर्दोष आहे, असे शासनाचे मत असावे असे वाटते. कमोड खुर्ची मान्य आहे, पण ती जिथे ठेवायची त्या गुळगुळीत फरशीची, उंच उंबरठ्याची किंवा उठताना धरायच्या भिंतीवरील दांड्याची यादीत नोंद नाही, कारण साधन लाभार्थ्याबरोबर फिरते आणि भिंत बिचारी स्थावर मालमत्ता ठरते. घसरण्यापूर्वीचा दांडा अशा रीतीने योजनेबाहेर राहतो. घसरल्यानंतरचा वॉकर मात्र, स्वयंघोषणापत्र जोडलेले असल्यास, पात्र ठरतो.