बक्षिसांचा मुक्काम

मुंबईत राहणाऱ्या माणसाला गावाकडचं घर कशासाठी हवं असतं, हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. हवापालट, पाऊस बघायला येणं, मुलांना शेत दाखवणं, अशी कारणं दिली जातात. खरं कारण माळा हे आहे. जे टाकवत नाही आणि घरात ठेववतही नाही, ते सगळं मे महिन्याच्या सुट्टीत गाडीच्या डिकीतून गावी येतं. आमच्या जव्हारच्या माळ्यावर अशा वाटेने एक पाळणा, एक हार्मोनियम आणि इंजिनिअरिंगची चार वर्षं येऊन राहिलेली आहेत. यंदा त्यांच्या सोबतीला पुतणीची बक्षिसं आली.

ही मुलगी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकते. तिथल्या स्पर्धांत घोड्यासकट अडथळे ओलांडायचे असतात आणि नंबर आला की साटीनच्या रिबिनीचं चुण्याचुण्यांचं फूल मिळतं. मधोमध सोनेरी अक्षरांची पुठ्ठ्याची चकती, खाली लोंबणाऱ्या दोन शेपट्या. आपल्याकडे हा अलंकार संमेलनाचा स्वागताध्यक्ष छातीवर लावून फिरतो. तिकडे तो घोड्याच्या कानाजवळ लावतात. घोडा तो लावून मैदानाला एक फेरी मारतो आणि संधी मिळाली तर शेपटी चावून बघतो. स्वागताध्यक्षांना तेवढीही मोकळीक नसते.

"काका, नीट लावून ठेवा हं," एवढंच सांगून ती गेली. पण नीट म्हणजे कसं? वहिनींचं मत, पहिल्या नंबराची वर आणि बाकीची खाली. दादाचं मत, वर्षांप्रमाणे लावावीत. तो बँकेत होता. पुतणीने फोनवर दोघांनाही मोडीत काढून सांगितलं, की घोड्यांप्रमाणे लावा. आमच्या हिने, रंग जुळवून लावली तर बरी दिसतील, असं सुचवलं आणि मला तेच पटलं. कारण त्यात वाचायला चष्मा लागत नाही.

पण रंगांचंही काही खरं नसतं. इंग्लंडमध्ये पहिल्या नंबराला लाल फूल देतात आणि दुसऱ्याला निळं. अमेरिकेत बरोबर उलटं, निळं पहिलं आणि लाल दुसरं. म्हणजे एकच लाल फूल लंडनच्या भिंतीवर विजय असतं आणि न्यूयॉर्कच्या भिंतीवर थोडक्यात हुकलेला विजय. आमच्या माळ्याला या दोन्ही देशांशी काही देणंघेणं नसल्यामुळे तिथे सगळ्यांना सारखाच मान आहे.

घोड्यांप्रमाणे लावायचं म्हटलं तर आणखी एक गंमत. शिकणाऱ्या मुलांचे घोडे बहुधा स्वतःचे नसतात. सकाळी एक मूल, संध्याकाळी दुसरं, तोच घोडा सगळ्यांना पाठीवर घेतो. अशा एका घोड्याने जिंकलेली फुलं चार-सहा घरांत विखुरलेली असणार. सगळी एकत्र केली तर खरा विजेता कोण, ते दिसेल. पण घोड्याला माळा नसतो. त्याला त्या दिवशी एखादं गाजर मिळतं आणि त्याचा हिशेब तिथेच पुरा होतो.

हे आमच्या भागाला नवं नाही. अकोले-इगतपुरीपासून मोखाडा-जव्हारपर्यंतच्या डोंगरात डांगी बैल हा खरा मानकरी. त्याच्या कातडीला तेलकट थर येतो, म्हणून धो धो पावसातही तो चिखलणीला उभा राहतो. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा दात बघून गट पाडतात, चाल बघतात, वशिंड बघतात, आणि बक्षीस मालकाला देतात. फेटा मालकाच्या डोक्यावर, ढाल मालकाच्या हातात. बैलाच्या शिंगाला बांधलेला गोंडा घरी पोहोचेपर्यंत अर्धा गळालेला असतो. बैल त्याबद्दल तक्रार करत नाही, आणि मालक ती ढाल ठेवायची कुठे म्हणून घरभर जागा शोधत फिरतो.

जागा सापडली तरी पुढे पावसाळा असतो. जव्हारला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा कपाटात पडतो की काय, अशी शंका येते. श्रावणात चामडी पट्ट्यावर बुरशी धरते, पापड वातड होतात, काड्यापेटी पेटत नाही. त्या हवेत साटीनचं फूल म्हणजे कसरीला दिलेलं आमंत्रण. चकतीचा पुठ्ठा आणि त्यामागची खळ तिला फार आवडते. मागची पिन गंजली की तिचा तांबूस डाग रिबिनीवर कायमचा बसतो. उन्हात टांगावं तर रंग उडतो आणि दोन पावसाळ्यांत पहिला नंबर आणि पाचवा नंबर एकाच फिकट गुलाबी रंगाचे होतात. म्हणून पिना काढल्या, प्रत्येक फुलाच्या मागे पेन्सिलने घोड्याचं नाव आणि साल लिहिलं, दोन फुलांमध्ये पातळ कागद घातला आणि सगळी आडवी करून पत्र्याच्या ट्रंकेत निजवली. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या ज्या पुड्यांवर 'खाऊ नका' असं छापलेलं असतं, त्याही टाकल्या. आश्विनात ऊन पडलं की एकदा सावलीत वारा द्यायचा. काम चोख झालं.

ट्रंकेला कडी घातल्यावर मात्र वाटलं, की आमच्या गावांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. आणि एका नाही, दोन तऱ्हांनी.

पहिली तऱ्हा वारल्यांची. लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधल्या चौकात पालघट देवी, आणि शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. हा देव घोड्यावर असतो. पाड्यावर खरा घोडा कोणाच्या दारी नसला तरी भिंतीवरचा घोडा प्रत्येक लग्नाला हजर असतो. लग्न झालं की तो जपायला कोणी काच लावत नाही. धूर, पाऊस आणि पुढचं सारवण यांत तो पुसला जातो. पुढच्या लग्नाला नवा घोडा.

दुसरी तऱ्हा मोखाड्याच्या बोहाड्याची. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, देवांचे आणि राक्षसांचे. ज्या सोंगाचा मान ज्या घराकडे, तो मुखवटा ते घर सांभाळतं. वर्षभर तो कापडात गुंडाळलेला असतो. दिवस जवळ आले की बाहेर निघतो, धूळ झटकली जाते, उडालेल्या रंगावर नवा हात फिरतो, त्याची पूजा होते आणि संबळ वाजायला लागला की तो माणसाच्या तोंडावर चढून रात्रभर गावात नाचतो. तो टिकतो याचं श्रेय कापडाला कमी, नाचाला जास्त. वर्षातून एकदा बाहेर यायचंय म्हटल्यावर वाळवी लागलीय का, चीर गेलीय का, हे वेळेवर कळतं.

ह्या दोन्हींत न बसणारी एक तिसरी तऱ्हा आपण शोधून काढली, शोकेस नावाची. तिथली वस्तू पुसायची नाही आणि वापरायचीही नाही. तिच्यावरची धूळ फक्त दिवाळीला हलते. निरोप समारंभाची सरस्वती, सोसायटीच्या कॅरमचा चषक, कोणा पुढाऱ्याच्या हस्ते मिळालेलं घड्याळ, हे सगळे काचेमागे वर्षानुवर्षं उभे असतात. कोणी विचारलं तर 'हे कशाचं बरं?' असं घरधन्यालाच आठवावं लागतं. जव्हारजवळच्या शिरपामाळावर, १६६४ च्या सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांना इथल्या राजाने शिरपेच देऊन सन्मानलं, असं गावात सांगतात. तो शिरपेच आज माळावर कोणी शोधत नाही. माळाला त्या प्रसंगाचं नाव आहे, तेवढं गावाला पुरतं.

म्हणून माझं मत असं झालंय. बक्षिसांचे दोन ढीग करावेत. ज्यांची गोष्ट आपल्याला मनापासून सांगता येते ती बोहाड्याच्या तऱ्हेने ठेवावीत. वर्षातून एकदा काढावीत, ज्याने मिळवली त्याला घालावीत आणि गोष्ट पुन्हा एकदा सांगावी. बाकीची वारल्यांच्या तऱ्हेने आनंदाने जाऊ द्यावीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला रिबिनीची फुलं हवीच असतात आणि मुलांना कोणतंही फूल पहिल्या नंबराचंच वाटतं. पुतणीला मी तसं कळवलंय. दिवाळीला ती आली की ट्रंक उघडायची आणि ढीग तिने करायचे. तुमचं सामान ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांच्याकडे तुम्हीही एकदा जाऊन या. आणि जाताना रिकामी पिशवी न्या, भरलेली नको.