फाटे फोडणारे अप्पा

पुणे-बंगळूर हायवेच्या काठानं, शिरवळच्या नीरेपासून वारणेच्या पुलापर्यंत, दर पाच-सहा गावांत एक तरी अप्पा सापडतोच. कुठं तो निवृत्त मैलकुली असतो, कुठं जुना ट्रक ड्रायव्हर, कुठं पंक्चरच्या दुकानाचा मालक. साताऱ्यात आमच्या वाट्याला आलेले अप्पा एसटीत वाहक होते. नोकरीभर त्यांनी सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांची तिकिटं फाडली आणि निवृत्त झाल्याबरोबर त्यांना तो सहाचा हिशेब ढोबळ वाटू लागला. हायवेची नोंद मीटरपर्यंत अचूक पाहिजे आणि ती कुणीतरी बसून लिहिली पाहिजे, असं त्यांनी एके दिवशी जेवताना जाहीर केलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची हिंमत घरात कुणालाच झाली नाही. काकूंनी फक्त आमटी वाढली.

तेव्हापासून लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाड चोपडी अप्पांच्या काखेत आहे. तिच्यात रकाने आहेत: किलोमीटर, फाटा, डाव्या हाताचं गाव, उजव्या हाताचं गाव, आणि शेरा. खरं वाङ्मय शेऱ्याच्या रकान्यात आहे. ‘पाटी आहे. नाव चुकलंय. गाव बरोबर आहे.’ ‘फाटा आहे, पाटी नाही, विचारल्यास लोक चहावाल्याकडे बोट करतात.’ ‘पाटी वडाच्या फांदीआड. फांदी कुणाची याबद्दल वाद.’

किलोमीटरचे दगड रस्त्याच्या डाव्या कडेला, म्हणून अप्पांना एसटीत डावीकडचीच खिडकी लागते. ते सकाळी साताऱ्याहून कराडकडे निघतात, तेव्हा पूर्वेचं ऊन डावीकडून येतं. दुपारी परत फिरतात, तेव्हा पश्चिमेचं ऊनही डावीकडूनच येतं. त्यामुळे त्यांचा डावा गाल उजव्यापेक्षा दोन छटा काळा आहे. न्हाव्यानं एकदा काळजीनं विचारलं, तर अप्पा म्हणाले, “हा सर्व्हे आहे.”

अप्पांचं पहिलं दुःख म्हणजे नंबर. त्यांचा सगळा जन्म एनएच 4 वर गेला. 2010 साली केंद्र सरकारनं देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांना नवे आकडे दिले आणि आपला रस्ता 48 झाला. दिल्लीहून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळूर करत चेन्नईला जाणारा एकच लांबलचक 48. अप्पांना याचं वाईट वाटलं नाही, कारण यामागचा नियम त्यांना पटला. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जातात, म्हणून नागपूरवरून जातो तो 44, आपला 48 आणि कोकणातला 66. “बघ, किती शिस्त आहे!” म्हणत ते हे कुणालाही ऐकवतात. केस कापणाऱ्याला, गॅस सिलिंडरवाल्याला, आणि एकदा तर दाराशी आलेल्या मतदार यादीवाल्या बाईंना. त्या बिचाऱ्या घरात माणसं किती एवढंच विचारायला आल्या होत्या.

पण जुन्या चाराचं काय झालं, हे शोधायला नको होतं. अप्पांनी शोधलं. नव्या यादीत 4 हा आकडा अंदमानातल्या महामार्गाला गेला आहे. त्या दिवशी ते पारावर येऊन सुन्न बसले. “चाराला काळ्या पाण्यावर धाडला रे!” एवढंच म्हणाले. आणि आपल्याला मिळालेला 48 तरी कोरा होता का? नाही. पूर्वी तो बंगळूर-मंगळूर रस्त्याचा आकडा होता, म्हणजे वापरलेला. हॉटेलांच्या पाट्यांवर आजही ‘एनएच 4’ रंगवलेलं दिसतं. अप्पा तिथं चहा पितात, पैसे देतात आणि मालकाला सांगतात की त्याचं हॉटेल सध्या अंदमानात आहे.

तीन आकडी नंबरांना ते पोरं म्हणतात. 66 ची पोरं 166, 48 ची पोरं 548. साताऱ्यातून कोरेगाव, म्हसवडवरून अकलूजकडं जाणारा 548सी हा आपल्याच घरातला, म्हणून त्याच्याविषयी माया. कराडला गुहागर-विजापूरचा 166ई आडवा येतो. ते 66 चं पोर, कोकणातून आलेलं, तरी अप्पा त्याची विचारपूस करतात.

आता खंबाटकी. तिथं अप्पांची चोपडी दुभंगली आहे. साताऱ्याहून पुण्याला जाताना गाडी बोगद्यातून जाते आणि पुण्याहून येताना घाट चढून येते. म्हणजे सातारा-पुणे आणि पुणे-सातारा ही अंतरं एक नाहीत. ही गोष्ट रोज हजारो लोक अनुभवतात आणि एकाचंही त्यामुळं अडत नाही. अप्पांची मात्र झोप उडाली. एखाद्यानं “पुणं इथनं एकशे दहा” म्हटलं की ते विचारतात, “जाताना का येताना?” समोरचा म्हणतो, “अप्पा, मी तर जाणारच न्हाय कुठं.” तरी सुटका नाही. नव्या जुळ्या बोगद्यांचं काम तिथं निघाल्यापासून त्यांनी चोपडीत आठ पानं कोरी सोडली आहेत.

मात्र अप्पांची खरी दहशत लग्नसराईत. पत्रिका हातात आली की लोक मुहूर्त बघतात, आहेर काय करायचा ते ठरवतात. अप्पा कार्यालयाचा पत्ता बघतात. पत्त्यात ‘वाठार’ असलं तर संपलंच. “कुठलं वाठार? वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर, का कराडचं वाठार? का वारणा ओलांडून पलीकडचं, हातकणंगल्याचं?” यातली शेवटची दोन्ही ह्याच हायवेवर आहेत, यजमानांनी तालुका छापलेला नाही आणि अप्पांनी त्यांना फोन लावलेला आहे. यजमान हळद सोडून फोनवर आलेत. “अहो, आमचं वाठार!” ते म्हणतात. “आमचं म्हणजे तालुका कुठला?” अप्पा विचारतात. यजमानांच्या घरात त्या दिवशी तीन मंडळी रुसलेली असतात; त्यात आणखी एकाची भर पडते.

पाचवडही दोन. एक वाई तालुक्यात, दुसरं कराडजवळचा पाचवड फाटा, दोन्ही हायवेलगत. पेपरात ‘पाचवडजवळ कंटेनर उलटला’ असं आलं की अप्पा फोन उचलतात. नागठाण्याचं तर विचारूच नका. हायवेवरचं नागठाणे साताऱ्याचं, आणि बालगंधर्वांचं जन्मगाव नागठाणे सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यात. पुण्याहून आलेली एक रसिक मंडळी साताऱ्याच्या नागठाण्यात उतरून बालगंधर्वांचं घर विचारत होती. अप्पा योगायोगानं तिथं होते. त्यांनी त्यांना योग्य नागठाण्याला पाठवलं म्हणे, पण कराडवरनं की पेठवरनं, यावर त्यांचंच त्यांच्याशी एवढं लांबलं की मंडळी मधेच उसाचा रस पिऊन पुण्याला परतली.

सांगलीच्या मेहुण्यांशी अप्पांचं एक जुनं भांडण आहे. मेहुणे म्हणतात, “आमच्या सांगलीतनं हायवे जातो.” अप्पा चोपडी उघडतात. “पाव्हणं, सांगलीला हायवे शिवलेला नाही. कासेगाव, नेर्ले, पेठ, कामेरी, येलूर, तांदूळवाडी. सगळा वाळवा तालुका. तुम्हाला पेठ नाक्याला उतरून 166एच धरायला लागतो, आष्टा करत.” मेहुणे म्हणतात, जिल्हा तरी आमचाच ना? मग अप्पा 1949 वर जातात. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा काढला आणि 1960 ला त्याचंच नाव सांगली केलं. 1949 पर्यंत नीरेपासून वारणेपर्यंतचा सगळा रस्ता साताऱ्याचा होता. “मग घ्या की परत,” मेहुणे म्हणतात, “खड्ड्यांसकट घ्या.” यावर अप्पा गप्प होतात. खड्ड्यांचा रकाना त्यांनी मुद्दामच ठेवलेला नाही. चोपडी पुरली नसती.

परदेशात म्हणे हायवेच्या प्रत्येक उताराला आकडा असतो. आपल्याकडं फाटा असतो. वाढे फाटा, लिंब फाटा, इटकरे फाटा. आणि साताऱ्यात शिरायचा चौक ओळखला जातो तो ‘बॉम्बे रेस्टॉरंट’ म्हणून. एवढा मोठा राष्ट्रीय महामार्ग, वर उड्डाणपूल, आणि खूण काय तर हॉटेल! अप्पांनी यावर उपाय म्हणून सगळ्या फाट्यांना स्वतःच क्रमांक दिले. पण क्रमांक कुठून सुरू करायचे? हायवेचे किलोमीटर दक्षिणेकडून मोजलेले; शेंद्र्याला 725, पेठ नाक्याला 658, कागलला 592 च्या आसपास. कोल्हापूरकडं जाताना आकडा उतरत जातो. तेव्हा शास्त्राप्रमाणं पहिला फाटा वारणेकडचा धरावा लागतो, म्हणजे सांगलीचा. अप्पांना ते मानवेना. मग त्यांनी उलटे क्रमांक दिले. मग ते शास्त्राला मानवेना. शेवटी प्रत्येक फाट्याला दोन क्रमांक पडले, एक जातानाचा, एक येतानाचा, आणि वडूथचा एक रिक्षावाला एवढंच म्हणाला, “अप्पा, वाढे फाट्याला सोडतो, क्रमांकाचं तुमचं तुम्ही बघा.”

एक प्रसंग मात्र अप्पांच्या बाजूनं सांगायलाच हवा. रात्री पुतण्याची गाडी नागठाण्याच्या पुढं बंद पडली. हायवेच्या 1033 या मदत क्रमांकावर त्यानं फोन लावला. तिकडून विचारलं, नेमके कुठं आहात? हा म्हणाला, उसाच्या शेताशेजारी. साताऱ्यापासून वारणेपर्यंत हे वर्णन कुठंही लागू पडतं. मग त्यानं अप्पांना लावला. अप्पांनी तीन प्रश्न विचारले. पुलावरनं आलास का? मागचा पेट्रोलपंप डावीकडं होता का? समोर वाकलेला दगड दिसतो का? आणि 1033 ला सातशे अमुक पॉइंट तमुक असा आकडा देऊन टाकला. गस्तीची गाडी थेट तिथं जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी गल्लीत अप्पांचा सत्कारच व्हायचा, पण ते स्वतःच तोंड पाडून बसले होते. पुतण्या वाकलेल्या दगडाच्या अलीकडं होता, आणि दगड पलीकडं, असं नंतर त्यांना कळलं होतं.

सध्या अप्पांचे दिवस बरे नाहीत. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरण निघालं आणि दगड उपटले गेले. कराडला कोल्हापूर नाक्याचा जुना उड्डाणपूल पाडला, तेव्हा अप्पांच्या चोपडीतली ‘पुलाखालून उजवीकडे’ ही नोंद अनाथ झाली. ठेकेदाराचे बाण रोज जागा बदलतात. सोमवारी लिहिलेला डायव्हर्जन गुरुवारी उलट दिशेला असतो. अप्पा शाईपेनवरून शिसपेन्सिलीवर आले, आता खिशात खोडरबरही असतो. “रस्ता पुरा झाला की शाईनं उतरवून काढणार,” असं ते म्हणतात. काकू म्हणतात, तोवर चोपडी मी देवघरात ठेवते.

गेल्या हंगामात मी त्यांना शेंद्र्याला पाहिलं. पुणे-सातारा टप्पा जिथं संपतो आणि सातारा-कागलचा सुरू होतो, त्या 725 च्या जागेवर ते एक पाय इकडं, एक पाय तिकडं असे उभे होते. बरोबर 725.000 हा बिंदू दोन्ही कंत्राटांच्या कागदांत आहे, तर त्या जागी खड्डा पडला तर बुजवायचा कुणी, हा त्यांचा प्रश्न होता. तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टर येऊन थांबला. दोन ट्रॉल्या, वर गाणी, ड्रायव्हर बाहेरगावचा, मराठवाड्याकडचा दिसत होता.

“काका, कारखाना कुठंशी?”

अप्पांनी चोपडी उघडली. “तू आत्ता कुठल्या टप्प्यात उभा आहेस, हे आधी बघू. तुझं पुढचं चाक बघ, ते 725 च्या...”

ड्रायव्हरनं मान वर केली. अप्पांच्या डोक्यामागं अजिंक्यतारा कारखान्याचं धुराडं भकाभका धूर सोडत होतं. त्यानं गिअर टाकला.

“सर्व्हिस रोडनं जा!” अप्पा ओरडले. “जातानाच्या!”

(ट्रॅक्टर उलट्या बाजूनं गेला, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.)