आमच्या घरचा साहित्यिक

परभणीत १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. नारायण सुर्वे अध्यक्ष होते. त्यानंतर आमच्या घरात ‘साहित्य’ हा शब्द उरला तो फक्त बायकोच्या वहीत, ‘साहित्य : दोन वाट्या बेसन, चवीपुरतं मीठ’ एवढ्यापुरता. त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली माझ्या भाच्यानं. फरक इतकाच, की ह्याचं सगळं साहित्य फेसवॉशच्या ट्यूबमागं छापलेलं असतं.

भाचा मानवत तालुक्यातला. बी.एस्सी. अ‍ॅग्री झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आमच्याकडं राहायला आला. सोबत एक वळकटी, चार गाइडं आणि सात ट्यूबा. सातातल्या पाच रिकाम्या.

“रिकाम्या कामून आणल्यास रे?”

“वाचायला, मामा.”

ही माणसांची एक जातच आहे. अभ्यासिकेत जा, दर बाकावर नसला तरी दर रांगेत एक सापडतो. ओळखायची खूण सोपी. दुकानात वस्तू हातात आली की आपण तिचं तोंड बघतो, हा तिला आधी पालथी घालतो. समोरच्या बाजूला गालावर पाण्याचे थेंब घेऊन नटी हसत असते. तिच्याकडं हा ढुंकून बघत नाही. चोविसाव्या वर्षी हा संयम साधा नव्हे.

स्टेशन रोडच्या एका दुकानात मी त्याच्याबरोबर एकदाच गेलो. दोन्ही हातांत दोन ट्यूबा, दातांत मोबाइल, मोबाइलची बॅटरी चालू. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. शेवटी माझा चष्मा काढून घेतला. मी आंधळा होऊन काउंटरला धरून उभा, आणि हा वाचतोय. वीस मिनिटांनी दुकानदार म्हणाला, “दादा, पाठ झालं असंल तर म्हणून दाखवा अन् ठेवून द्या.”

त्यानं खरंच म्हणून दाखवलं.

घरी आल्यावर आमचा वर्ग भरला. पहिलं नाव ‘अ‍ॅक्वा’. म्हणजे पाणी. आमच्या गल्लीत नळ कोणत्या दिवशी येणार ह्यावर पाहुण्यांच्या तारखा ठरतात, त्यामुळं दीडशे रुपये देऊन पाणी आणल्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. थोडं खाली ‘सोडियम क्लोराइड’. “हे मीठ,” भाचा म्हणाला, “पातळ साबण घट्ट व्हावा म्हणून घालतात.” बायको म्हणाली, “माझं वरण नाही कधी मिठानं घट्ट झालं.” आणि हिरवी ट्यूब, जिच्यावर लिंबाची पानं छापली होती (आमच्याकडं लिंब म्हणजे कडूलिंब, सरबताचं ते निंबू), तिचा हिरवा रंग लिंबाचा नव्हताच. सर्वांत खाली दोन आकडे होते : सी.आय. १९१४० आणि सी.आय. ४२०९०. एक पिवळा, एक निळा. बालवाडीत शिकवतात तसं पिवळा अधिक निळा बरोबर हिरवा.

“मग लिंब हाये कुठं त्यात?” आईनं विचारलं.

इथं भाच्यानं कपाटातून एक जुनी लग्नपत्रिका काढली. त्याचं म्हणणं असं, की ट्यूबवरची यादी पत्रिकेसारखी वाचायची. वर मानाची नावं मानाप्रमाणं, म्हणजे ज्याचं प्रमाण जास्त तो आधी. पण एक टक्क्याच्या खाली उतरलं की मग क्रम राहत नाही, कुणीही कुठंही बसावं. पत्रिकेत तळाला ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली असतात ना, तशी. आता ही एक टक्क्याची रेघ ट्यूबवर कुणी मारून ठेवत नाही. ती ह्यानं हुडकली होती. फेनॉक्सीइथेनॉल नावाचं एक टिकाऊ औषध असतं, ते एक टक्क्याच्या वर घालायला परवानगीच नाही. “तो बांध समजा. बांधाच्या अलीकडं शेत, पलीकडं चिमूटभर.”

लिंब बांधाच्या पलीकडं निघाला.

बांधाच्या कज्ज्यात दोन पिढ्या कोर्टात घालवणारा आमचा मुलूख. मुद्दा सगळ्यांना तत्काळ पटला. आई तर म्हणाली, “मोजणी आणा.”

तिचा आणि ह्याचा खरा सामना झाला साबणावरून. ती चाळीस वर्षं एकाच लाल साबणानं तोंड धुते आणि उन्हाळ्यात पारा ४४ च्या पुढं गेला तरी तिच्या चेहऱ्याला काही होत नाही. थंडीत मात्र गाल उलतात. भाच्यानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला हळदीचं पाणी लावलं, वाळू दिलं, मग एका बाजूला साबणाचा फेस आणि दुसऱ्या बाजूला फेसवॉश चोपडला. साबणाची बाजू पाहता पाहता लाल झाली, फेसवॉशची पिवळीच राहिली. “बघ आज्जी, साबणाचा पीएच नऊ-दहा. आपल्या कातडीचा पाचाच्या आसपास. म्हणून उलतंय.” आम्ही थक्क. आईनं बोट बुडवून तो लाल डाग कपाळाला लावून बघितला आणि म्हणाली, “हळदीत टाकणखार घालून कुंकूच करायचो की आम्ही. ह्याला कॉलेज कशाला पाहिजे?”

मला इतके दिवस वाटायचं, हे खूळ मोबाइलमधून आलं. पुण्यामुंबईची पोरं नायसिनामाइड म्हणतात, म्हणून हाही म्हणतो. पण एकदा दाजी खत न्यायला नव्या मोंढ्यात आले. मीही बरोबर होतो. कृषी सेवा केंद्रात काउंटरवर पोरगं एका कंपनीची नवी बाटली पुढं करत होतं. बाटलीवर बोंडाचं मोठं चित्र, वर वाघ. दाजींनी वाघाकडं बघितलंसुद्धा नाही. बाटली पालथी केली, लांब धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “कंपनी मरू दे. टेक्निकल काय हाये?” इमामेक्टिन बेंझोएट पाच टक्के एस.जी. पाहिजे होतं, तेच घेतलं, आणि तेही शेजारच्या स्वस्त डब्यातलं. सातवी शिकलेला माणूस ‘इमिडाक्लोप्रिड सतरा पॉइंट आठ एस.एल.’ हे सोयऱ्याचं नाव घ्यावं तसं घेतो. पोरगं बापावर गेलं होतं, एवढंच. फक्त बापाची अळी कपाशीवर आणि पोराची पुटकुळी नाकावर.

त्याच संध्याकाळी दाजींनी घरी पोराची ट्यूब हातात घेतली.

“ह्यात टेक्निकल काय?”

“सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दोन टक्के.”

“अन् राहिलेले अठ्ठ्याण्णव?”

“पाणी, फेस, वास.”

दाजींनी समजून मान हलवली. मग ट्यूब पुन्हा फिरवून बघितली. “त्रिकोण कामून नाही खाली? लाल हाये का हिरवा, कळावं कसं?” औषधाच्या डब्यावर विषाची जात सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, तो त्यांना हवा होता. बापलेकांचं सबंध आयुष्यात एवढं मोकळं बोलणं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

एवढं वाचून हा लावतो काय, असं कुणीही विचारील. सहा महिने काहीच नाही. शोध पुरा व्हायचा होता म्हणून आंघोळीला आईचाच लाल साबण. श्रावणात अखेर निकाल लागला : एक ट्यूब, शंभर मिली, सल्फेट नाही, वास नाही, रंग नाही. ती घेऊन तो गावी गेला. मीही गेलो होतो.

सकाळी सोयाबीनवर फवारणी होती. दाजींचा स्टिकर संपला होता. औषध पानावर पसरावं, ओघळून जाऊ नये म्हणून स्टिकर घालतात. नसला की गावाकडं शाम्पूची पुडी फोडून पंपात टाकतात. पुडी सापडली नाही. मोरीत ही ट्यूब सापडली. भाचा तोंड धुवायला आला तेव्हा ट्यूब चपटी होऊन पंपाशेजारी पडली होती आणि दाजी तिसऱ्या तासात होते.

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत. भाचा बांधावर गेला, वाकला, एक पान बोटानं वर उचलून त्याची मागची बाजू बघितली. औषध एकसारखं पसरलं होतं.

“दादाऽ, पंधरा लिटरला किती मिली टाकलं?”

“ते कुठं लिहिलंय त्याच्यावर!” दाजी पंप न थांबवता ओरडले.